डाळिंबात किती, पाल्यात किती

४ नोव्हेंबर १९९७, मंगळवार

ही वही बागेच्या फवारणीची. कुठल्या दिवशी कुठलं औषध मारलं, पंपाला किती घातलं, एवढंच यात लिहायचं असतं. आज दुसरंच लिहितोय. कुणाला सांगायची सोय नाही, आणि लिहिलं नाही तर माझं डोकं फुटंल.

सकाळी मी पंप धूत होतो. अप्पा ओट्यावर बसले होते. एकदम म्हणाले, "कुंडलिका, तुझ्या बायकूच्या डोळ्याची खालची पापणी बघितली का कधी?"

म्हटलं, हे काय आता नवीन! अप्पांनी चाळीस वर्षं मेंढरं राखली, पार कोकणापर्यंत पायी नेली. आता मेंढरं गेली, बाग आली, पण म्हाताऱ्याची नजर तीच. मेंढीची खालची पापणी ओढून बघायची. लाल असली तर ठीक. "पांढरी झाली की पंधरा दिसांत मेंढी खाली बसायची. पुन्यांदा उठायची न्हाय," म्हणाले. "सुनंला मी कसा हात लावू? तू बघ."

मला रागच आला. म्हटलं, "माणसात आन् मेंढरात काय फरक हाय का न्हाय?" 

दुपारी मनीला म्हटलं, तुझ्या डोळ्यात कचरा दिसतोय, थांब. पापणी ओढली. पांढरीफटक. सोललेल्या लसणासारखी. मनी म्हणाली, "गेला का कचरा?" मी गेला म्हणालो आणि तसाच बागेत निघून गेलो.

लग्नाला चार वर्षं झाली, आत्ता कुठं दिवस राहिलेत. सहावा महिना. माहेर पळसदेवला, पण तिला आई नाही, भाऊ एकटा, धरणावर मासे धरतो. म्हणून बाळंतपण इथं सणसरलाच, आमच्या वस्तीवर.

माझ्या भीतीचं खरं कारण लिहितो. दोन वर्षांपूर्वी माझी धाकटी बहीण रेश्मा गेली, सोमेश्वरनगरला, सासरी, बाळंतपणात. रक्त थांबलंच नाही, दवाखान्यात नेताना गाडी रस्त्यात अडकली. त्याच्या आधी दोन महिने मी तिला भेटायला गेलो होतो. तिचा हात हातात घेतला आणि म्हणालो, "लई गोरी झालीस की गं!" ती हसली होती. गोरी कसली, तिच्या अंगात रक्तच नव्हतं. आणि मी भाऊ असून तिला गोरी झालीस म्हणालो.

६ नोव्हेंबर

उपकेंद्रात नेलं. नर्सबाईंनी बोटातून रक्त काढलं. हिमोग्लोबीन सात पॉइंट दोन. म्हटलं, किती पाहिजे? म्हणाल्या, अकराच्या वर. मी पुन्हा विचारलं, मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

लाल गोळ्या दिल्या. पालेभाज्या खायला घाला म्हणाल्या. घरी आल्यावर आईला सांगितलं तर ती म्हणाली, "दारात डाळिंबाची बाग हाय आन् पोरीला पाला घालायचा? डाळिंबासारखं रगात कशानं वाढत न्हाय. रंग बघ की त्येचा!" मला पटलं. माझ्या बागेतला माल पहिल्या नंबरचा. दाणा लालबुंद, फोडला तर हाताला रंग लागतो. आजपासून सगळ्यात मोठी सहा फळं पेटीत जाणार नाहीत, घरात राहतील. सहा म्हणजे सहा, रोज.

१० नोव्हेंबर

सहा फळं रोज घरात येतात. संध्याकाळी मनी परात घेऊन बसते, सोलते, वाट्या भरते. अप्पांना एक, मला एक, कुणी आलं-गेलं असलं तर त्याला एक. आई मला जास्तच देते. म्हणते, "काळजीनं निम्मा झालाय माझा ल्योक." खरंच, असली डाळिंबं आपणच कधी निवांत खाल्ली नव्हती. गोड म्हणजे काय गोड!

गोळी ती रोज सकाळी चहाबरोबर घेते. मी समोर उभा राहून बघतो. त्याबाबतीत माझा भरवसा कुणावर नाही.

१७ नोव्हेंबर

पुन्हा तपासलं. सात. म्हणजे दोन पॉइंट खालीच गेलं.

मी नर्सबाईंना म्हणालो, रोज सहा डाळिंबं चाललीत, असं होईलच कसं? तर बाई चक्क हसल्या. टेबलाच्या खणातून एक पुस्तक काढलं. फळांचा, भाज्यांचा तक्ता, शंभर ग्रॅमला किती लोह. डाळिंबासमोर बोट ठेवलं. दोनाच्याही आत. मग पान उलटून हरभऱ्याच्या पाल्यासमोर बोट ठेवलं. तेवीसच्या पुढं!

मी म्हणालो, छपाईची चूक असंल. बाई म्हणाल्या, "दादा, रंग बघून रक्त होत असतं तर मी सगळ्यांना कुंकू खायला सांगितलं नसतं का?"

अपमान वाटला, खोटं कशाला बोलू. बारा वर्षं त्या झाडांना पोरासारखं वाढवलं. आल्या-गेल्याला सांगत आलो की आजाऱ्याला माझं डाळिंब न्या. आणि हरभऱ्याचा पाला बाया शेतात बसून खुडतात, पदरात घालून घरी नेतात, त्याला कोण विचारतो! घरी येऊन या वहीत दोन रकाने पाडले आणि तक्त्यातलं आठवलं तेवढं उतरवलं. डाळिंब साखरेत पुढं, गोडीत पुढं, बाजारात पुढं. पाला लोहात पुढं, चुन्यात पुढं. आपल्याला काय पाहिजे? लोह. मग पाला. बाई म्हणाल्या होत्या, पुस्तकातलं सगळंच अंगाला लागत नाही, वरून लिंबू पिळा. तेही लिहून ठेवलंय.

२१ नोव्हेंबर

सर्जेरावांच्या रानात हरभरा वीतभर झालाय, शेंडे कोवळे आहेत. खुडू का म्हणून विचारायला गेलो. सर्जेराव म्हणजे आमचे बांधाला बांध असलेले, ऊसवाले. त्यांना चेष्टा केल्याशिवाय पाणी पचत नाही. म्हणाले, "आरं तिच्या! डाळिंबाचा राजा पाला मागत फिरतोय. कुंडलिकराव, उद्या कडबा मागायला येताय का?"

 खाली बसलो आणि खुडायला लागलो. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. हसू द्या. बोटं आंबली, नखं हिरवी झाली, पण टोपलं भरून आणलं.

आईनं लसूण, हिरवी मिरची घालून, ज्वारीचं पीठ पेरून भाजी केली. वर लिंबू पिळलं, बाईंनी सांगितल्यासारखं. काय भाजी झाली होती! मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. आई वाढतच होती. अप्पांनीही दोनदा मागून घेतली. आज जरा धीर आला.

२६ नोव्हेंबर

तिसऱ्यांदा भाजी. सर्जेराव जेवायला थांबले. म्हणाले, माझ्याच रानातला पाला मला एवढा गोड कधी लागला नव्हता. कढई खरवडली.

१ डिसेंबर

आज अक्षर वाकडं येतंय.

मनी हौदावर कळशी भरत होती. मी बागेतून बघत होतो. वाकली, उठली, आणि एकदम हौदाची कड धरली. कळशी पडली. मी पळत गेलो तर म्हणते, "उठताना जरा फिरलं, एवढं कशाला पळताय? ल्वाक बघत्यात." तिचे ओठ बघितले, पांढरे. रेश्माचे ओठ तसेच होते.

तिला घरात बसवलं. मी बागेत परत गेलो, पण काम झालं नाही. एक फळ झाडावरच तडकलं होतं. आतले दाणे दिसले आणि मला तिथं उभं राहवेना. काय काय मनात आलं ते लिहिणार नाही.

रात्री जेवण गेलं नसतं, पण आईनं बळंच बसवलं. "तूच खचलास तर तिच्याकडं कोण बघायचं?" म्हणून उरलेली भाजी सगळी माझ्याच ताटात टाकली.

८ डिसेंबर

सहा पॉइंट सहा.

नर्सबाई आज हसल्या नाहीत. म्हणाल्या, गोळी कशाबरोबर घेते? मी ऐटीत सांगितलं, रोज सकाळी चहाबरोबर, माझ्यासमोर. त्यांनी कपाळावर हात मारला. चहानं लोह अंगाला लागत नाही म्हणे! आता हे कुणी सांगितलं होतं आम्हाला? पण मला मनातून बरं वाटलं. सापडलं कारण. एवढा पाला खाऊन रक्त का वाढत नाही, ते चहामुळं. आजपासून मनीचा चहा बंद, गोळी लिंबूपाण्याबरोबर.

निघताना बाईंनी विचारलं, "आणि भाजी? ती खाते ना?"

म्हटलं, "खाती की! एक दिवसाआड टोपलंभर पाला खुडतोय मी."

"तुम्ही खुडताय ते कळलं. तिला खाताना बघितलंय का?"

मला हा प्रश्न आवडला नाही. मी काय बायकोच्या ताटात बघत बसू? बायका आपल्या मागून निवांत जेवतात. कुठल्या घरात सून सासऱ्यासमोर, नवऱ्यासमोर ताट घेऊन बसते? बाई शिकलेल्या आहेत, पण त्यांना घरातलं काय कळतं. तसं म्हणालो नाही, उठून आलो.

११ डिसेंबर

अप्पांचं वय झालं. आज पुन्हा मेंढरं काढली. म्हणाले, "गाभण मेंढी अशक्त झाली की आमी ती कळपात चारत नव्हतो. येगळी बांधायची, म्होरं पाला टाकायचा आन् ती खाईस्तवर काठी घिऊन हुबं ऱ्हायाचं. न्हायतर बाकीची ढुसण्या दिऊन तिचं खाऊन टाकत्यात."

म्हटलं, अप्पा, मनी काय कळपात आहे का? सहा माणसांच्याइतका पाला येतोय घरात.  त्यांना आणखी काहीतरी बोलायचं होतं, पण आईनं ताटं वाढली म्हणून आम्ही आत गेलो. आज भाजीत शेंगदाण्याचं कूट होतं. झकास.

१७ डिसेंबर

मनीचे पाय सुजलेत. ओट्याच्या तीन पायऱ्या चढली तरी धाप लागते. मी विचारलं, भीती वाटते का गं? म्हणाली, "तुमाला वाटतीय तेवढी न्हाय." आणि मलाच पाणी दिलं.

मला वाटते. दिवसभर वाटते. फवारताना नाकावर फडकं बांधायचं विसरलो. रेश्माला मुलगा झाला होता, तोही तिसऱ्या दिवशी गेला. आई हे नाव घरात काढू देत नाही. पण ती मनीच्या चेहऱ्याकडं बघते आणि मग देवाकडं बघते, ते मला दिसतं.

२२ डिसेंबर, सोमवार

बारामतीत, दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहितोय. वही सोबत आली ते एक बरं झालं.

सकाळी मनीला श्वास पुरेना. सर्जेरावांनी जीप काढली. चेष्टा नाही, काही नाही, नुसते म्हणाले, चला. कारखाना जोरात चालू, रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर, एकामागं एक. पुढं जाता येईना, बाजूनं जाता येईना. मी खाली उतरून गाडीवानांच्या हाता-पाया पडत होतो, बाजूला घ्या रे, बाई हाय गाडीत! रेश्मा अशीच रस्त्यात होती. तिच्या वेळी पुढं कुणी उतरून पळालं होतं का, मला माहीत नाही. मी पळालो.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. सहा पॉइंट एक. मला आत बोलावून म्हणाल्या, या अवस्थेत बाळंतपण झालं आणि थोडं जरी जास्त रक्त गेलं, तर मी काही करू शकणार नाही. आत्ताच रक्त द्यायला लागेल. माझं घ्या म्हणालो. गट जुळला.

रक्त घेण्याआधी तिथल्या माणसानं माझं बोट टोचलं. आकडा लिहिला आणि माझ्याकडं वर-खाली बघितलं. "साडेपंधरा! पाव्हणं, एवढं चांगलं रक्त रोज नाही बघायला मिळत. काय खाता काय तुम्ही?"

मी तोंड उघडलं. 'हरभऱ्याची भाजी' हे शब्द ओठावर आले आणि तिथंच अडकले.

पाणी प्यायला दिलं त्यानं मला. घाबरलात का सुईला, म्हणाला. मी हो म्हणालो.

तीन भाकऱ्या, मागून मागून. अप्पांना दोनदा. सर्जेरावांनी खरवडलेली कढई. डाळिंबाच्या वाट्या कुणाकुणाला, सगळं मीच तर या वहीत लिहिलंय. परत पानं चाळून बघितली. पहिल्यापासून शेवटपर्यंत मनी सोलते, भरते, वाढते. मनीनं खाल्लं असं एकाही पानावर नाही. चार वर्षांत मी माझ्या बायकोला जेवताना बघितलेलं नाही.

संध्याकाळ

बाटली तिला चालू आहे. आई तिच्या पायाशी बसलीय. मी खाली बसलो आणि विचारलं, "मने, भाजी खाल्ली व्हतीस का तू?"

"खाल्ली की."

"किती?"

तिनं आधी आईकडं बघितलं. मग म्हणाली, "कढईला लागलेली. भाकरीनं पुसून घेत व्हते. तुमाला आवडत व्हती म्हून..."

"आन् डाळिंब?"

"सोलताना हाताला लागायचं तेवढं."

"मग बोलली का न्हाईस? सांगायचं की!"

"काय सांगू? मला वाढा म्हनू?"

आई ऐकत होती. तिनं पदर तोंडात कोंबला आणि रडायला लागली. म्हणाली, "मला बी कुनी वाढलं न्हाय रं. मला वाटलं आसंच आसतंय. रेश्माच्या सासूला बी आसंच वाटलं आसंल." दोन वर्षांत पहिल्यांदा आईनं रेश्माचं नाव घेतलं. मी आईवर ओरडणार होतो, पण कुठल्या तोंडानं ओरडू? साडेपंधरा माझं आहे, आईचं नाही.

२८ डिसेंबर

घरी आणलं. दोन बाटल्या दिल्या, दुसरी सर्जेरावांच्या भावाची. सूज उतरलीय, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उधारीच्या रक्तावर निभावायचं नाही, खायला घाला.

दुपारी मी स्वतः ताट वाढलं आणि मनीला पहिलं बसवलं. वाटीभर भाजी, वर लिंबू. ती पदर ओढून बसून राहिली. घास उचलंना. आई म्हणाली खा, मी म्हणालो खा. तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी. अप्पा उठले, काठी घेतली आणि म्हणाले, "मी बाहीर बसतो. ती जेवल्याबिगर मला हाक मारू नगा." मग मी पण तोंड फिरवून बसलो. बऱ्याच वेळानं भाकरी मोडल्याचा आवाज आला.

१५ जानेवारी १९९८

नऊ पॉइंट एक. नर्सबाईंनी आकडा दोनदा सांगितला. मी त्यांची माफी मागितली. कशाबद्दल म्हणाल्या. मनातल्या मनात काहीतरी बोललो होतो म्हटलं.

हरभऱ्याला आता घाटे लागलेत, पाला निबर झाला. आईनं कोवळा असतानाचा वाळवून ठेवलाय, तो चालू आहे. माझ्यापुढं चटणी-भाकरी आली. आज तर आई मला वाढायलाच विसरली.

भीती कमी झाली नाही. नऊ म्हणजे अकरा नाही. रोज सकाळी आधी तिचे ओठ बघतो.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

पहाटे कळा सुरू झाल्या. बारामतीला आणलं. सकाळी नऊपासून ती आत आहे. मी व्हरांड्यात. एका बाईनं आतून कापसाचे बोळे भरलेलं तसराळं बाहेर नेलं, सगळं लाल.  कुणाला विचारायची हिंमत नाही.

अकरा वाजले. मुलगी झाली. पण मनीचं काही सांगत नाहीत. रक्त जातंय म्हणे. "जातंय" म्हणजे किती? डॉक्टरीणबाई आत पळत गेल्या. आई देव देव करतीय. मी लिहितोय कारण हात मोकळा राहिला तर मी दार बडवीन.

पावणेबारा. अजून काही नाही.

सव्वाबारा. दार उघडलं. आतली नर्स बाहेर आली, हात पुसत. माझ्याकडं बघून म्हणाली, "मनीषाचे मालक तुम्हीच का? रक्त थांबलंय. बाई भूक लागली म्हणताहेत. काही आणलंय का?"

मी डबा घेऊन आत गेलो.  मनी पडून होती, रंग उतरलेला, पण डोळे उघडे. पोरगी शेजारी. मी डबा उघडला, घास केला. तिनं आधी माझ्याकडं बघितलं आणि सवयीनं विचारलं, "तुमी जेवला का?"

"न्हाय," म्हणालो. "तू जेव."

ती जेवली.